माझ्याच लग्नाचं मला आमंत्रण नव्हतं

माझं लग्न ठरल्याची बातमी मला पहिल्यांदा छावणीतल्या घोडीवाल्या चाचांनी दिली. सकाळची वेळ होती, मी मुकुंदवाडीतल्या माझ्या खोलीवर दात घासत होतो. फोन उचलला तर चाचा रागावलेले. म्हणाले, "क्या मियां, शादी पक्की कर लिए और घोड़ी का पूछे भी नई? हमारी घोड़ी में क्या कमी थी?"

तोंडात फेस असल्यामुळं मी नुसता हुंकार दिला. चाचांना तो होकार वाटला. घोडी मोफत देतो, पण वरातीच्या आधी तिला चारा घालायला तू स्वतः यायचं, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी चूळ भरली आणि विचार करत बसलो. माझा स्वभाव असा की कुणी ठामपणे काही सांगितलं तर आधी मला स्वतःचीच शंका येते. आपण कुठं, कधी, कुणाला शब्द देऊन बसलो का, हे आठवायला लागलो.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगावा लागेल.

मी फेटे बांधतो. मूळचा मी कोकणातला, पार खालचा, सिंधुदुर्गाकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, इंग्रजीचा तास चालू असताना. नंतर एका उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरलेल्या गाडीबरोबर हमाल म्हणून या शहरात आलो. इथलं ऊन मला माहीत नव्हतं. बाजारात पेट्या उतरवता उतरवता मी आडवा झालो, आणि गाडीवाल्याला परतायची घाई होती. मला उचललं ते उस्तादांनी, म्हणजे आता ज्यांच्या हाताखाली मी फेटे बांधतो त्यांनी. लग्नसराईसाठी आंब्याचा भाव करायला आले होते. त्यांनी मला रिक्षात घातलं, क्रांती चौकाच्या मागं आपल्या दुकानात आणलं आणि एक गुलाबी फेट्याचं कापड माठातल्या पाण्यात बुडवून माझ्या डोक्याला बांधलं. नुसतं गुंडाळलं नाही, नीट बांधलं. शेमला म्हणजे मागं सोडतात तो पदर, तोही बरोबर पाठीच्या मध्यावर. जाग आली तेव्हा मी आरशासमोर होतो आणि मला वाटलं आपण मेलो आणि वर कुठंतरी नवरदेव झालो. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडंच आहे. काकूंनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, वाढलेली पहिली भाकरी मला अजून आठवते. त्यामुळं उस्ताद काही म्हणाले तर मला नाही म्हणता येत नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आमच्याकडं हिशेब साधा आहे. पूर्वी लोक पत्रिका घेऊन दुकानात यायचे. आता फोनवर पाठवतात. पत्रिका पाहिली की तारीख कळते, मंगल कार्यालय कळतं, घराणं कळतं, आणि पत्रिकेच्या रंगावरून उस्ताद फेट्याचा रंग काढतात. थोडक्यात, जगात बाकी लोक लग्नपत्रिका हौसेनं बघतात, आम्ही कामाला लागण्यासाठी बघतो. न उघडलेली पत्रिका म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. आणि उस्तादांकडं बटणाचा फोन, म्हणून दुकानाचा फोन म्हणजे माझाच. त्यावर माझा फोटोसुद्धा धंद्याचाच: डोक्यावर नवरदेवाचा फेटा, वर पंख्यासारखा तुरा, कपाळावर मुंडावळ्या. उस्तादांनीच तो लावायला लावला होता. म्हणाले, हलवायाच्या दुकानात मिठाई बाहेरच मांडतेत.

तर चाचांचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून पत्रिका आली. "लग्नाला सहकुटुंब यायचं हं" असं वर लिहिलेलं आणि खाली फाइल. मी दाबलं. नेहमी लगेच गणपती दिसतो. या वेळी गणपतीच्या जागी फोनच मला विचारायला लागला. हे अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, धोका होऊ शकतो, तरी टाकायचं का?

मी फोन बाजूला ठेवला. मला असल्या प्रश्नांची भीती वाटते. बँकेतलं मशीन "आणखी काही?" असं विचारतं तेव्हासुद्धा मी मागं कुणी उभं आहे का ते बघतो. पण उस्ताद गुडघ्यावर फेटा बांधत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं, पत्रिका उघडत नाही, काहीबाही विचारतीय.

"विचारणारच," ते म्हणाले. "लग्नघर हाय ते. आण हिकडं."

आणि त्यांनी फोन हातात घेतला. उस्तादांचा एक नेम आहे. लग्नघरी कुणी काही विचारलं तर नाही म्हणायचं नाही. फेटे जास्त लागतील का? हो. उन्हात उभं राहाल का? हो. नवरीच्या भावाला पुन्हा बांधाल का? हो. याच नेमानं ते फोनशी वागले. तुमचे मेसेज वाचू का, हो. नावं-नंबर बघू का, हो. अजून एक पाटी आली, ती मी नीट वाचूही शकलो नाही, तिलाही हो. मी हळूच म्हणालो, "उस्ताद, जरा थांबू या का?"

"तू लई इचार करतो," ते म्हणाले आणि शेवटचं बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. पत्रिका नाही, गणपती नाही, काही नाही. नेट गेलं असंल, असं म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि पुन्हा फेटा घेतला. मीही विसरलो. रात्रभर माझा फोन उशाशी कुरकुरत होता, पण मी धंद्यातले मेसेज समजून झोपलो.

रात्रभरात फोननंच माझ्या नावानं, माझ्या मुंडावळ्यांच्या फोटोसकट, यच्चयावत सगळ्यांना तीच पत्रिका पाठवली होती. बँडवाला, मांडववाला, आचारी, मंगल कार्यालयांचे मॅनेजर. हे लोक रोज लग्नात वावरणारे, पत्रिका आली की डोळे झाकून उघडणारे. त्यात फोटोतला मी नवरदेव. कुणाला शंका येणार?

चाचांचा फोन ठेवला तोच आईचा आला. आमच्या वाडीतल्या शेजारणीच्या फोनवर पत्रिका गेली होती. आई म्हणाली, "तुझा लगीन आसा म्हणतत. खरा?"

मी म्हणालो, नाही गं, कुठलं लग्न.

"मगे डोक्यार फेटो कसलो? मुंडावळ्यो कसल्यो?"

धंद्याचा फोटो आहे म्हणालो. आईला धंद्यासाठी मुंडावळ्या बांधणारा माणूस पटेना. तिचं म्हणणं, लाजतोयस, हरकत नाही, पण मुलगी कोणाची ते तरी सांग. मी घाईनं फोन ठेवला. कारण एक मुलगी होती.

हे सांगायलाच हवं, कारण माझा सगळा जीव तिथं अडकला होता. आठवी शिकलेला, घरदार दूर, फेटे बांधणारा, अशा मुलाला मुलगी देणार कोण? काकूंनी तीन वर्षं नेटानं माझ्यासाठी स्थळं शोधली. फुलंब्रीकडच्या त्यांच्या नात्यातली एक मुलगी, बारावी झालेली, मुकुंदवाडी स्टेशनजवळ एका मेडिकलच्या काउंटरवर काम करणारी. वडील नाहीत, मामाच सगळं बघतात. पोह्यांचा कार्यक्रम नुकताच झाला होता आणि मामांचं उत्तर यायचं होतं. मामांचं मत माझ्याबद्दल पहिल्यापासून पातळ होतं. कोकणातला माणूस, तिकडचं कोण बघून आलंय, असं ते काकूंना म्हणाले होते.

आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा मी घाबरून शेमला किती लांब असावा यावर बोललो. ती ऐकून घेत होती. मग तिनं तिच्या दुकानातली गोष्ट सांगितली. एक गिऱ्हाईक आलं, औषधं घेतली, फोनवर पैसे पाठवल्याची हिरवी खूण दाखवली, टिंग असा आवाजही आला. नंतर बघतात तर पैसे आलेच नाहीत. त्याच्या फोनमधलं अ‍ॅपच नकली, नुसती खूण दाखवणारं. मालक तिच्याकडं बघत राहिले. तेव्हापासून ती काउंटरवरच्या डब्यानं, म्हणजे पैसे आले की बोलून सांगतो त्या मशीननं, तोंड उघडल्याशिवाय गोळीसुद्धा देत नाही. लोक चिडतात, माझ्यावर विश्वास नाही का म्हणतात.

"मी सांगते," ती म्हणाली, "तुमच्यावर आहे, फोनवर नाही."

मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की त्यानंतर डोकं दुखलं तरी मी लाजेनं त्या मेडिकलसमोरून न जाता रेल्वेफाटक ओलांडून पलीकडच्या दुकानातून गोळी आणायचो.

आणि मामांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तिच्या मामांना, मला द्यायचं उत्तर अजून त्यांच्या हातात असताना, माझ्या लग्नाची पत्रिका गेली होती.

मी बनियनवरच धावत सुटणार होतो, शर्ट घेतला आणि शेअर रिक्षात बसून दुकान गाठलं. उस्ताद माझ्याशी बोलेनात. तोंड फिरवून कापडाच्या घड्या घालत बसले. शेवटी दुकानाला लागूनच्या घरातून काकू आल्या, त्यांनी सांगितलं, बँडवाला येऊन गेला, तुझ्या लग्नाचं त्यांना त्याच्याकडून कळलं, म्हणून रुसलेत.

मी म्हणालो, उस्ताद, माझं कुठं लग्न आहे?

ते म्हणाले, तुझ्या डोक्यावर फेटा कोण बांधणार, एवढं तरी विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाकडून बांधून घेणार असशील तर तसं सांग. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. माझ्याही डोळ्यात पाणी आलं, आणि क्षणभर आम्ही दोघं एका न ठरलेल्या लग्नाबद्दल मनापासून रडलो. मग काकूंनी मधे पडून फोन मागितला, कालची ती पत्रिका पाहिली आणि म्हणाल्या, हे तेच दिसतंय. त्यांच्या भिशीतल्या एका बाईच्या जावयाला असंच झालं होतं. पत्रिका म्हणून आलेलं अ‍ॅप, फोनमध्ये घुसतं, बँकेचे मेसेज वाचतं आणि खातं धुऊन नेतं.

उस्तादांनी पत्रिकेकडं बघितलं, मग माझ्याकडं. काल ती कुणी दाबली हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आम्ही पोलिसांच्या सायबर ठाण्यात गेलो. तिथला हवालदार तरुण होता, शांत होता. त्यानं आधी फोनचं इंटरनेट बंद केलं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला लावलं, मग तक्रार लिहायला घेतली. माझ्या खात्यात त्या दिवशी जवळजवळ काहीच नव्हतं, कारण आदल्याच दिवशी मी आईला पैसे पाठवले होते. चोरांना जे मिळालं त्यात त्यांचा चहाही झाला नसेल. हवालदारानं लिहिता लिहिता विचारलं, परवानग्या कुणी दिल्या? धोका आहे असं फोन सांगत असताना बटण कुणी दाबलं?

उस्ताद भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"मी," मी म्हणालो.

हवालदारानं मला चांगलंच सुनावलं. पत्रिका म्हणजे चित्र असतं किंवा कागद असतो, ती अ‍ॅप टाकायला सांगत नाही, एवढं कळत नाही का? आता फोन पूर्ण पुसावा लागेल. ज्यांना ज्यांना हे गेलंय त्यांना लगेच आवाजी फोन करून सांगा, मेसेजवर नाही. आणि इथून पुढं अनोळखी नंबरावरून कुणी खात्री करून घ्यायची आहे म्हणालं तर एक अक्षर बोलायचं नाही. मी हे शेवटचं वाक्य मनात कोरून घेतलं. सांगितलेली गोष्ट मी जरा जास्तच पाळतो.

फोन पुसण्याआधी नंबर कागदावर उतरवले आणि काकूंच्या फोनवरून एकेकाला सांगायला बसलो. मला वाटलं होतं हे सोपं असेल. माझं लग्न नाही, पत्रिका उघडू नका, एवढंच तर सांगायचं. पण लग्नधंद्यातल्या माणसाला लग्न नाही असं सांगितलं की त्याला एकच अर्थ कळतो. बँडवाला हळू आवाजात म्हणाला, मोडलं? कधी? आचाऱ्यानं मला धीर दिला, म्हणाला पुढच्या सराईत दुसरी बघू. एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं तारीख रद्द केल्याबद्दल कुरकुर केली, जी तारीख मी कधी घेतलीच नव्हती. चाचांना तर मी पहिल्यापासून समजावून सांगितलं की ते अ‍ॅप नकली आहे. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "लड़की वाले कुछ मांगे क्या? सच बोलो बेटा, हमसे नक्को छुपाओ."

तेवढं एक बरं की चाचांना पत्रिका उघडता आली नव्हती. त्यांच्या फोनची काच घोडीनं आधीच फोडली होती.

मांडववाल्याला मात्र माझा फोन उशिरा पोचला. त्यानं सकाळीच पत्रिका उघडली होती, कौतुकानं, सगळ्या प्रश्नांना हो म्हणत. खात्यात कारागिरांच्या मजुरीचे पैसे होते. तक्रार लगेच केली म्हणून काही बँकेनं अडवले, काही गेले ते गेलेच. तो मला शिवी देईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे. तुझं लग्न म्हणून मी चष्मा न लावता दाबलं." हे ऐकून मी दुकानाच्या मागं जाऊन बसलो. त्या सराईत जेव्हा जेव्हा रिकामा असेन तेव्हा त्याच्या मांडवांवर बांबू धरायला गेलो. दुसरं मला काय येतं?

राहिले मामा. त्यांना फोन करायचं धैर्य माझ्यात नव्हतं. उस्ताद म्हणाले मी करतो, आणि बटणाच्या फोनवरून ओरडून बोलले, कारण फोन दूरचा असला की ते ओरडतात. पोराचं लग्न-बिग्न काही नाही, ती पत्रिका खोटी हाय, असं ते म्हणाले. पलीकडून मामांनी विचारलं, म्हणजे तुमचा पोरगा खोट्या पत्रिका वाटतो? उस्तादांच्या नेमाप्रमाणं प्रश्न लग्नघरचा होता. त्यांच्या तोंडून "व्हय" निघून गेलं. पुढं दुरुस्ती करेपर्यंत फोन कटला होता.

काकूंनी डोक्याला हात लावला. मी पुसलेला फोन खिशात घालून खोलीवर गेलो आणि भिंतीकडं तोंड करून पडलो.

पुढचे दिवस मी असा वागलो की आता आठवलं तरी हसू येतं. फोनमध्ये एकही नाव उरलं नव्हतं, त्यामुळं सगळं जग अनोळखी झालं होतं. जो फोन येईल तो मी कापायचो. आईचा कापला. काकूंचाही कापला, त्या मग शेजारच्या मुलाकरवी डबा घ्यायला ये असा निरोप पाठवायच्या. खऱ्या पत्रिका आल्या त्याही उघडेनात माझ्यानं. गिऱ्हाइकांना म्हणायचो, तारीख तोंडी सांगा, रंग तोंडी सांगा. एक बाई चिडल्या, म्हणाल्या, आम्ही काय पोपटासारखी पत्रिका वाचून दाखवू? मी म्हणालो, हो, उपकार होतील.

अशात एका नंबरावरून सारखा फोन यायला लागला. तीनदा कापला. चौथ्यांदा चुकून उचलला गेला. एक बाईमाणूस बोलत होतं.

"मी मुकुंदवाडीतून बोलतेय. मेडिकलमधून. तुमच्याकडून एका गोष्टीची खात्री करून घ्यायची होती."

हवालदार म्हणाला होता ते शब्द, तसेच्या तसे. मी म्हणालो, "मी कुठलीही खात्री देत नाही." आणि कापला.

लगेच पुन्हा आला. मी उचलला, कारण मला तिला पोलिसांचा धाक घालायचा होता. ती म्हणाली, "अहो, आपण गच्चीवर बोललो होतो." मी म्हणालो, "मी कुणाशी कुठं बोललो ही माहिती मला देता येत नाही. आणि मी तक्रार केलेली आहे." आणि नंबरच अडवून टाकला. केवढा मोठा पराक्रम केला असं वाटून मी उस्तादांना सांगितलं. उस्तादही म्हणाले, शाब्बास. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं हातातच धरून विचारलं, कोण बाई म्हणालास? कुठून बोलत होती?

मग त्यांनी लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी जन्मात विसरणार नाही.

परत फोन करायचा तर नंबर अडवलेला, अडवलेला सोडवायचा कसा ते येईना, आणि मेडिकलवर जायचं तर पाय निघेना. ठरवत ठरवत दुसरा दिवस उजाडला. उस्ताद दुकानात बसून एका नवरदेवाचा फेटा गुडघ्यावर बांधत होते, कापडाचं एक टोक दातात धरून. उस्तादांचा दुसरा नेम असा की बांधायला घेतलेला फेटा मधे सोडायचा नाही, मग दारात कुणीही येवो. आणि दारात मामा आले. मागं ती.

मामा आत येऊन बसले नाहीत. उभ्यानंच मला म्हणाले की ते उत्तर द्यायला आले आहेत, आणि ते नाही असं आहे, पण पोरगी ऐकेना म्हणून एकदा तोंडावर विचारायला आणलंय. पत्रिका आली तेव्हा त्यांनी ती दाबली होती. फोननं पहिला प्रश्न विचारला आणि ते हो म्हणणार तोच भाचीनं फोन हातातून काढून घेतला. त्यामुळं त्यांचं काही गेलं नाही. पण असली पत्रिका ज्याच्याकडून येते त्या माणसाच्या घरात मुलगी कशी द्यायची?

मी हात जोडून म्हणालो, फोन माझा, चूक माझी.

"पण दाबलं कुणी?" ती म्हणाली.

मी जोडलेल्या हातांकडंच बघत राहिलो. ती म्हणाली, "पोह्यांच्या दिवशी तुम्ही कपातला चहासुद्धा फुंकून फुंकून, आत काही पडलंय का बघून पित होतात. फोन धोका सांगतोय आणि तुम्ही हो म्हणाल, हे मला खरं वाटत नाही. म्हणून विचारायला फोन करत होते. तर तुम्ही पोलिसात द्यायला निघालात."

मामा मधे म्हणाले, स्वतः कबूल करतोय ना तो, मग अजून काय पाहिजे. आणि वळले.

त्याच वेळी माझ्या मागं कापड सळसळलं. उस्तादांनी दातातलं टोक सोडलं होतं. ताणून बसवलेल्या निऱ्या एकेक करून सुटल्या, तुरा कलंडला, आणि अर्धा झालेला फेटा त्यांच्या गुडघ्यावरून फरशीवर पसरत गेला. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"म्या दाबलं," उस्ताद म्हणाले. "हे पोरगं थांबा म्हणत व्हतं. म्याच आईकलं नाय. पोलिसापुढं बी यानंच अंगावर घेतलं आन् म्या कॅलेंडर वाचत बसलो."

मामा कापडाकडं बघत होते. उस्ताद म्हणजे या भागातला मानाचा माणूस, मोठमोठ्या घरचे नवरदेव त्यांच्यापुढं डोकं वाकवतात, आणि ते आता मान खाली घालून बसले होते. मला इतकं कसंतरी झालं की मी खाली बसून कापड गोळा करायला लागलो. दुसरं टोक तिनं उचललं. नऊ वाराचं कापड दोघांनी धरल्याशिवाय नीट गुंडाळता येत नाही.

मामांनी घसा साफ केला. काकूंनी पाट मांडला, मग ते बसले. चहा घेता घेता ते काकूंना म्हणाले, "पोरगा बावळट हाय."

काकू म्हणाल्या, हो, आहे.

"पण खोटारडा नाय."

काकू साखर घालत राहिल्या. मामांनी भाचीकडं बघितलं. ती कापडाची घडी घालत होती. घडी पूर्ण झाल्यावर तिनं मला विचारलं की तुमच्या फोनवरचा माझा नंबर अडवलेला आहे तो सोडवता येतो का. मी म्हणालो येत नाही. तिनं फोन घेतला, नंबर सोडवला, आणि माझ्या पुसलेल्या फोनमध्ये पहिलं नाव म्हणून स्वतःचं लिहून दिलं.

"आणि पत्रिका फोनवर पाठवायची नाही," ती म्हणाली. "कागदाची छापायची. तुम्ही स्वतः हातात नेऊन द्यायची."

लग्न ठरल्याचं मला हे असं कळलं. मी मामांच्या पाया पडलो, मग काकूंच्या. उस्तादांच्या पडायला गेलो तर त्यांनी खांद्याला धरून वर उचललं आणि फेटा बांधायला कुणाला सांगणार आहेस ते आत्ताच सांग म्हणाले.

आईला फोन केला. तिनं आधी विचारलं, "ह्या खरा मां?" मी म्हणालो, खरं, पत्रिका कागदाची येतीय, टपालानं. कागदाची म्हटल्यावर तिला पटलं.

पत्रिका लाल रंगाच्या छापल्या आणि मी त्या घेऊन हिंडलो. बँडवाल्यानं डोळे बारीक करून विचारलं, तीच का, मोडलेली? मांडववाल्यानं आधी चष्मा लावला, मग वाचली. शेवटी छावणीत गेलो. चाचा घोडीला खरारा करत होते. मी पत्रिका पुढं केली. त्यांनी हात मागं घेतला. मग दोन बोटांनी एका कोपऱ्याला धरून ती उजेडात उलटी केली, सुलटी केली, गणपतीकडं जवळून बघितलं.

"इसमें कुछ दबाना तो नई ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो, आणि त्यांच्यासमोर ती उघडून दाखवली.